लोणारचा दगड आणि संशोधकाचे माप

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि टाळेबंदीत घरी बसलेल्या महाराष्ट्राचे लक्ष बुलडाणा जिल्ह्यातील या तालुक्याच्या गावाकडे वळले. वन विभागाने पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे आणि नागपूरच्या ‘नीरी’कडे पाठवले. हॅलोआर्किया या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे पाण्याला हा रंग आला, असा निष्कर्ष निघाला आणि तो मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे मांडण्यात आला. वृत्तपत्रांनी तो छापला, वाहिन्यांनी दाखवला. पंचवीस-तीस दिवस जो प्रश्न घराघरांत विचारला जात होता, त्याला शास्त्राने दिलेले ते उत्तर होते.

संशोधनाच्या बाजारात अशा अहवालाची किंमत किती, असा प्रश्न मात्र त्या वेळी कोणी विचारला नाही. ज्या सूचींवरून आज शास्त्रज्ञांचे आणि प्राध्यापकांचे मोल ठरते, त्या सूचींत न्यायालयापुढे ठेवलेला अहवाल बहुधा येतच नाही. तेथे चलन चालते ते शोधनिबंधांचे, त्यांना मिळालेल्या ‘सायटेशन’चे आणि ते कोणाच्या सोबतीने लिहिले याचे. नेमणूक, पदोन्नती, प्रकल्पासाठीचा निधी, विद्यापीठाचे मानांकन या सगळ्यांत हे आकडे डोकावतात. ते येतात कोठून आणि काय सांगतात, हे समजून घेण्यासाठी लोणारसारखे दुसरे ठिकाण शोधून सापडणार नाही. एकाच विवरावर भूवैज्ञानिक, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, हवामानाचे अभ्यासक आणि चंद्र-मंगळाचा वेध घेणारे असे सगळेच लिहीत आले आहेत.

सायटेशन म्हणजे काय, हे आधी पाहू. शोधनिबंध लिहिणाऱ्याला आपल्या आधी त्या विषयावर कोणी काय म्हटले, हे सांगावे लागते. निबंधाच्या शेवटी तशी यादी असते. त्या यादीत तुमच्या निबंधाचे नाव आले की तुमच्या खात्यावर एक सायटेशन जमा झाले. मराठीत त्याला उद्धरण किंवा संदर्भ म्हणता येते. पण विद्यापीठांच्या आवारात सायटेशन हाच शब्द रुळला आहे.

ही यादी उलटी वाचण्याची, म्हणजे ‘या निबंधाने कोणाचे नाव घेतले’ याऐवजी ‘या निबंधाचे नाव पुढे कोणी घेतले’ हे शोधण्याची पद्धत विज्ञानात आणली ती अमेरिकेतील युजीन गारफिल्ड यांनी. १९५५ मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकात त्यांनी ती मांडली आणि १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ ही सूची नियमित स्वरूपात आणली. वकिलांना यात नवल वाटणार नाही. एखादा जुना निकाल पुढच्या कोणत्या निकालांत आधाराला घेतला गेला, हे दाखवणारे ग्रंथ अमेरिकेतील वकील एकोणिसाव्या शतकापासून वापरत होते आणि गारफिल्ड यांना कल्पना सुचली तीही तेथूनच. हेतू होता संशोधकाला उपयोगी निबंध चटकन सापडावेत हा. माणसे मोजण्याचे काम या सूचीच्या गळ्यात नंतर पडले.

तीन पानांचा निबंध

लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. दख्खनच्या काळ्या बसाल्ट खडकात ते इतके गोल कसे पडले, हा वाद दीडशे वर्षे चालला. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. १८९६ मध्ये अमेरिकन भूवैज्ञानिक जी. के. गिल्बर्ट यांनी अ‍ॅरिझोनातील विवराशी लोणारचे साम्य दाखवले. पण अ‍ॅरिझोनाचे विवर त्यांनी जमिनीखालील वाफेच्या स्फोटाच्या पदरात टाकले. १९१२ मध्ये ला टूश आणि ख्रिस्ती यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या प्रकाशनात लोणारवर सविस्तर लिहिले. १९६४ मध्ये लाफाँ आणि डिट्झ यांनी उल्केच्या आघाताची शक्यता मांडली, तीही शीर्षकात प्रश्नचिन्ह ठेवून.

ते प्रश्नचिन्ह पुसले गेले १९७३ मध्ये. कर्ट फ्रेड्रिक्सन, ए. दुबे, डॅनियल मिल्टन आणि एम. एस. बालसुंदरम या चौघांचा निबंध ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. फ्रेड्रिक्सन स्मिथसोनियन संस्थेचे, मिल्टन अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे, तर दुबे आणि बालसुंदरम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे. विवराच्या तळाला भोके पाडून त्यांनी खडकाचे नमुने वर काढले. त्यांत मॅस्केलिनाइट सापडले. खडकातील फेल्डस्पार या खनिजाला प्रचंड धक्का बसून त्याची काच होते, ती ही. असा दाब ज्वालामुखीच्या आवाक्यातला नव्हे. काठावरच्या चरांत वितळलेल्या खडकाचे काचमणी मिळाले आणि ते अपोलो यानांनी चंद्रावरून आणलेल्या काचमण्यांशी जुळणारे निघाले.

सारा निबंध तीन पानांचा. लोणारच्या आघातावर लिहिणाऱ्या प्रत्येकाला तेव्हापासून त्याचे नाव घ्यावे लागते. अर्धशतक उलटले तरी त्यात खंड नाही.

येथे एक गोष्ट सहज निसटते. १९७३ मध्ये या निबंधाकडे जगाचे लक्ष गेले, कारण नुकताच माणूस चंद्रावर जाऊन आला होता. चंद्रावरचा बराच भाग बसाल्टचा आणि बसाल्टमधले पृथ्वीवरचे असे विवर तेव्हा लोणार हे एकच माहीत होते. पुढे ब्राझीलमध्ये बसाल्टमधली आघात-विवरे ओळखली गेली, त्यामुळे ‘एकमेव’ हे विशेषण आज जपून वापरावे लागते. चंद्राचा बहर ओसरल्यावर मंगळ आला. २००३ मध्ये हॅगर्टी आणि न्यूसम यांनी लोणारच्या खडकांतील उष्ण पाण्याच्या खुणांवरून मंगळावरील विवरांविषयी अनुमान काढले. २०११ मध्ये शॉन राइट आणि सहकाऱ्यांनी लोणारचा धक्का खाल्लेला बसाल्ट तपासला तो मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांच्या नोंदींचा अर्थ लावण्यासाठी. दगड तोच, विवर तेच. अवकाशयाने ज्या दिशेने जातात, त्या दिशेने सायटेशनही जातात. यात कोणाची लबाडी नाही. पण निबंधाला किती लोकांनी हाक मारली हे मोजताना, त्या काळात रस्त्यावर किती लोक होते हेही पाहायला हवे.

विषयागणिकही फरक पडतो. लोणारच्याच पाण्यातील सूक्ष्मजीवांवर २००६ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातील योगेश शौचे आणि सहकाऱ्यांचा निबंध आला, २००८ मध्ये आघारकर संस्थेतील जोशी, कानेकर आदींचा. सूक्ष्मजीवशास्त्रात निबंध झपाट्याने लिहिले जातात आणि झपाट्याने जुने होतात. भूविज्ञानात चाळीस वर्षांपूर्वीचा निबंध ताजा असतो. आता नियतकालिकांचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ पाहा. एखाद्या नियतकालिकात आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या निबंधांना या वर्षी किती सायटेशन मिळाली, त्याला त्या निबंधांच्या संख्येने भागायचे. खिडकी अवघी दोन वर्षांची. १९७३ च्या निबंधाला आज मिळणारे सायटेशन या खिडकीतून दिसतच नाही. शिवाय हा आकडा नियतकालिकाचा, त्यात लिहिणाऱ्याचा नव्हे. तरी तो बायोडेटात आपल्या नावापुढे लिहिण्याची प्रथा आहे. नावाजलेल्या शाळेच्या निकालाची टक्केवारी विद्यार्थ्याने स्वतःच्या गुणपत्रिकेवर लिहावी, तसा हा प्रकार.

‘एच’चा हिशेब

व्यक्तीसाठी आकडा हवा म्हणून कॅलिफोर्नियातील भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी २००५ मध्ये ‘एच-इंडेक्स’ सुचवला. तो काढणे सोपे आहे. समजा, एका प्राध्यापकांचे सात निबंध आहेत आणि त्यांना अनुक्रमे ४०, १८, ९, ५, ४, २ आणि शून्य सायटेशन आहेत. उतरत्या क्रमाने लावल्यावर चौथ्या निबंधाला किमान ४ आहेत, पण पाचव्याला ५ नाहीत. म्हणून त्यांचा एच-इंडेक्स ४. पहिल्या निबंधाला ४० ऐवजी ४०० सायटेशन मिळाली असती तरी आकडा ४ च राहिला असता. म्हणजे लोणारचे कोडे सोडवणारा तीन पानांचा निबंध या हिशेबात धरला जातो एक. दरवर्षी बेताचे, बेताने वाचले जाणारे निबंध काढणारा संशोधक सहज पुढे निघून जातो. एच-इंडेक्स वयाबरोबर वाढतो, कमी कधीच होत नाही. त्यामुळे तिशीतल्या आणि साठीतल्या संशोधकांना तो एकाच तराजूत तोलू शकत नाही. खुद्द हर्श यांनी २०२० मध्ये या निर्देशांकाच्या दुष्परिणामांविषयी जाहीर नाराजी व्यक्त केली.

उशिरा उमगणाऱ्या कामाचे काय, हा त्याहून नाजूक प्रश्न. दामोदर धर्मानंद कोसंबी मराठी वाचकाला इतिहासकार म्हणून ठाऊक आहेत. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना, १९४४ मध्ये, त्यांनी गुणसूत्रावरील जनुकांमधले अंतर काढण्याचे एक सूत्र प्रसिद्ध केले. पिकांच्या जनुकीय नकाशांवर काम करणारे शास्त्रज्ञ जगभर आजही ते वापरतात आणि त्यातले कित्येक ‘कोसंबी फंक्शन’ एवढेच लिहून पुढे जातात. नाव विशेषणासारखे चिकटले की मूळ निबंधाचा संदर्भ देण्याची गरज कोणाला वाटत नाही. त्याआधी एकच वर्ष, १९४३ मध्ये, त्यांनी मांडलेली संख्याशास्त्रातील दुसरी कल्पना तर पुढे कार्हुनेन आणि लोएव्ह या दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाली. सूची मोजणार काय?

सोबतीचे गणित

सायटेशनइतकेच महत्त्व आता सहकार्याला आले आहे. एकट्याने लोणारवर लिहिण्याचे दिवस संपले. २०१४ मध्ये सुष्मा प्रसाद आणि सहकाऱ्यांनी सरोवराच्या तळाशी साचलेल्या गाळाचा अभ्यास करून गेल्या सुमारे ११ हजार वर्षांतील मोसमी पावसाचा, त्यातल्या दीर्घ अवर्षणांचा आलेख मांडला. त्या निबंधावर १६ नावे आहेत. जर्मनीतील पॉट्सडॅम, हॅम्बुर्ग, मुंबईची भारतीय भूचुंबकत्व संस्था, पुणे, लंडन अशा ठिकाणांचे हे लोक. परागकण पाहणारा वेगळा, समस्थानिके मोजणारा वेगळा, चुंबकीय गुणधर्म तपासणारा वेगळा. गाळाच्या एका कांडीत इतक्या शास्त्रांची उत्तरे असतील, तर सोळा जण लागणारच. भौतिकशास्त्रात हा आकडा हजारांत जातो. गुरुत्वीय लहरींच्या शोधाचा फेब्रुवारी २०१६ मधील निबंध हजाराहून अधिक लेखकांचा होता आणि त्यांत पुण्याच्या ‘आयुका’तील शास्त्रज्ञही होते. त्याच लहरी टिपण्यासाठीच्या ‘लायगो-इंडिया’ प्रकल्पाला २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, ती हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथसाठी. लोणारहून ते काही फार लांब नाही.

मग श्रेय वाटायचे कसे? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीत संयुक्त निबंधाच्या गुणांपैकी ६० टक्के गुण प्रथम लेखक आणि मार्गदर्शक यांनी समान वाटून घ्यायचे आणि ४० टक्के बाकीच्यांत विभागायचे, अशी तरतूद होती. गुण वाटले जात, वाढत नसत. २०१८ च्या नियमावलीने वेगळी वाट धरली. दोनपेक्षा जास्त लेखक असतील तर प्रमुख लेखकाला ७० टक्के आणि इतर प्रत्येकाला ३० टक्के. त्याच तक्त्यात, इम्पॅक्ट फॅक्टर २ ते ५ असलेल्या नियतकालिकातील निबंधाला २० गुण आहेत. सोळा लेखकांचा एखादा निबंध या सूत्रात बसवून पाहा. प्रमुख लेखकाला १४, उरलेल्या पंधरा जणांना प्रत्येकी ६ म्हणजे ९०. वीस गुणांच्या निबंधातून १०४ गुण निघाले! मित्राने मित्राचे नाव निबंधावर घालावे, मित्राने त्याची परतफेड करावी, यासाठी याहून चांगले आमंत्रण कोणते? आणि राज्य शासनाला सादर केलेल्या धोरणविषयक दस्तऐवजाला याच तक्त्यात ४ गुण आहेत. लोणारचे पाणी, झरे, सांडपाणी यांवर शासनाच्या उपयोगाचे काही लिहिणाऱ्याने, शेवटल्या क्रमांकाच्या सहलेखकापेक्षाही कमीवर समाधान मानायचे.

गुणांची ही भूक भागवायला पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके देशभर उगवली. त्यांना आळा घालण्यासाठी आयोगाने २०१९ मध्ये ‘यूजीसी-केअर’ ही मान्य नियतकालिकांची यादी आणली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बंद करून निवडीची जबाबदारी पुन्हा संस्थांवर सोपवली. या साऱ्या धावपळीत खरी ओढाताण झाली ती तालुक्याच्या महाविद्यालयातील शिक्षकाची. त्याच्याकडे पॉट्सडॅमची प्रयोगशाळा नाही. तो वर्षानुवर्षे त्याच सरोवराचे पाणी तपासतो, पक्षी मोजतो, निरीक्षणे प्रादेशिक अंकात छापतो. पाण्याची क्षारता २०२० मध्ये बदलली की आधीच बदलत होती, हे सांगायला अशाच सलग नोंदी लागतात. त्या सूचीत नसतात म्हणून त्यांना सायटेशन नसते आणि सायटेशन नाही म्हणून त्या करणाऱ्याला उत्तेजनही नसते.

सूचीत असूनही हरवणारे वेगळेच. आपल्याकडची नावे रोमन लिपीत नाना तऱ्हांनी लिहिली जातात, ‘एस. कुलकर्णी’ नावाचे किती संशोधक एकट्या पुण्यात निघतील, याची कल्पना करावी. लग्नानंतर नाव बदललेल्या संशोधिकेचे अर्धे काम एका नावावर आणि अर्धे दुसऱ्यावर राहते. यावर उपाय म्हणून २०१२ पासून ‘ऑर्किड’ हा सोळा अंकी ओळख क्रमांक विनामूल्य मिळतो. ज्यांनी तो अजून घेतला नाही, त्यांनी जरूर घ्यावा.

आकड्यांच्या या अतिरेकाविरुद्ध शास्त्रज्ञांनीच आवाज उठवला आहे. डिसेंबर २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत झालेल्या बैठकीतून एक जाहीरनामा पुढे आला. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून व्यक्तीची पारख करू नये, ही त्याची मुख्य मागणी. २०१५ मध्ये ‘नेचर’ने छापलेल्या लायडेन जाहीरनाम्याने स्थानिक महत्त्वाच्या आणि स्थानिक भाषांतील संशोधनाला संरक्षण द्यावे, असे सांगितले. दोन्हींचा गाभा एकच : आकडा जवळ ठेवा, पण निबंध वाचा.

वाचल्याने काय फरक पडतो? लोणारचे वयच पाहा. १९९७ मध्ये सेनगुप्ता, भांडारी आणि वातानाबे यांनी थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीने विवराचे वय ५२ हजार वर्षे ठरवले. हा निबंध ब्राझीलमधील एका फारशा परिचित नसलेल्या नियतकालिकात आला होता. इम्पॅक्ट फॅक्टरच्या भाषेत त्याची दखल घेण्याजोगे काही नव्हते, तरी तो आकडा सर्वत्र पसरला. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील फ्रेड जूरदाँ आणि सहकाऱ्यांनी वितळून थिजलेल्या खडकातील आर्गॉन मोजून हे वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे असल्याचे ‘जिऑलॉजी’ या नियतकालिकात मांडले. दहापटीहून अधिक फरक! त्यानंतरही वेगळ्या पद्धतीने कमी वय सांगणारे निष्कर्ष आले आणि वाद पुरता मिटलेला नाही.

आता सूचीत काय घडते ते पाहा. जूरदाँ यांच्या निबंधात १९९७ च्या कामाची चर्चा होते, ती ते खोडण्यासाठी. पण खात्यात सायटेशन जमा होते. दुसरा कोणी दोन्ही आकडे कंसात देऊन पुढे जातो, दोघांनाही एकेक. तिसरा ५२ हजार हाच आकडा खरा धरून चालतो; त्याचेही वजन तेवढेच. गिल्बर्ट यांचे १८९६ चे भाषण आजही उद्धृत होते, ते त्यातल्या चुकलेल्या निष्कर्षासाठी आणि तिथवर पोहोचण्याच्या त्यांच्या निर्दोष विचारपद्धतीसाठी. मान्यता, विरोध, कौतुक आणि नुसता शिष्टाचार यांतले अंतर मोजणीत उरत नाही.

विवराच्या काठावर उभ्या राहणाऱ्या पर्यटकाला आजही बहुधा ‘पन्नास-बावन्न हजार वर्षे’ असेच सांगितले जाते. सांगणाऱ्याने ब्राझीलचे ते नियतकालिक पाहिलेले नसते, ऐकणाऱ्यालाही त्याची गरज वाटत नाही. तासाभरात कमळजा देवीच्या मंदिरापर्यंत उतरून, पाणी पाहून, लोक वर येतात आणि तोच आकडा घेऊन घरी जातात.